सातवा रकाना

ऑक्सिजन-उपचाराच्या केंद्रात पहिल्याच दिवशी एक तक्ता हातात मिळाला. दहा रकाने, चाळीस ओळी. चेंबरमध्ये एक तास बसून आलं की घरी जाऊन एक ओळ भरायची, प्रत्येक रकान्यात शून्य ते पाच. पहिला रकाना नजरेला नजर देण्याचा, तिसरा हाक मारल्यावर वळण्याचा, चौथा स्वतःहून जवळ येण्याचा, सातवा मोठ्या आवाजाच्या त्रासाचा. टिंबू होईपर्यंत मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होते. बाटली उघडायची, नमुना बघायचा, आकडा लिहायचा. त्यामुळे तक्ता बघून मला बरंच वाटलं. निदान हे काम तरी आपल्याला येतं.

टिंबू पाच वर्षांची. जन्मली तेव्हा टिंबाएवढी होती, म्हणून टिंबू. ती बोलत नाही. कपड्यांचे चिमटे रंगांप्रमाणे ओळीत लावते आणि ओळ मोडली तर घर डोक्यावर घेते. हाक मारली तर दहातून दोनदा वळते, तेही हाकेमुळे की आपलं सहज, सांगता येत नाही. बिस्किटाच्या पुड्याचा कागद मात्र दुसऱ्या खोलीत जरी चुरचुरला तरी ती हजर. दोन बिस्किटं घेते, दोन हातांत दोन, आणि जाते. आणि मिक्सर. मिक्सर सुरू झाला की दोन्ही हात कानांवर आणि अशी किंकाळी, की खालच्या मजल्यावरचे लोक दोनदा वर येऊन चौकशी करून गेले होते. तेव्हापासून ती खाली खेळायला गेल्याशिवाय घरात मिक्सर लागत नसे.

आमच्या बालरोगतज्ज्ञांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "स्वमग्नतेवर या दाबाच्या ऑक्सिजनचा उपयोग होतो असं कुठंही सिद्ध झालेलं नाही. भाषेचे वर्ग चालू ठेवा. वेळ लागेल." मी मान डोलावली. घरी येऊन स्वतः वाचलं, तर वाचलेलंही तेच सांगत होतं. तरी गेले. "वेळ लागेल" हे दोन शब्द मी दोन वर्षं ऐकत होते, आणि केंद्राच्या पत्रकावर "चाळीस सेशन" असं छापलं होतं. चाळीस मोजता येतात.

नवरा लिफ्टची दुरुस्ती करतो. माणसांपेक्षा त्याचा यंत्रांवर विश्वास जास्त. "यंत्र बरं," तो म्हणाला, "बिघडलं की आवाज तरी करतं."

सासूबाई म्हणाल्या, "हवा खाऊन पोट भरत नाही म्हणतात. बघू या, डोकं भरतंय का."

केंद्र फरशांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. चेंबर म्हणजे आडव्या टाकीएवढी निळी, जाड पिशवी. दोन्ही बाजूंना गोल खिडक्या आणि वरून दुहेरी चेन. आत गादी. आई आणि मूल दोघं बसू शकतील एवढी जागा. चेंबर चालवणाऱ्या ताई एका हाताने चेन ओढत आणि दुसऱ्या हाताने सूचना देत.

"आता हवा भरणार, दाब वाढणार. याला आम्ही चढणं म्हणतो. पहिली दहा-बारा मिनिटं चढायचं, शेवटची दहा उतरायचं. चढताना कानांत दडे बसतात. तुम्ही गिळत राहा, बाळालाही घोट घोट पाणी पाजत राहा. आणि चढताना झोपू द्यायचं नाही हं. झोपेत कोणी गिळत नाही."

मी हे वहीत लिहून घेतलं. खाली रेघही मारली.

पहिले पाच दिवस टिंबूने पिशवीला लाथा घातल्या, मास्क फेकला, माझ्या मनगटाला चावली. सहाव्या दिवशी पंपाची घरघर सुरू झाली आणि ती माझ्या मांडीवर झोपून गेली. मी तिला हलवलं नाही. पाच वर्षांत दिवसाउजेडी एवढं शांत मूल माझ्या मांडीवर आलं नव्हतं. ताईंनी खिडकीतून डोकावून बाटलीची खूण केली. मी बाटली वर उचलून दाखवली. बाटली दाखवणं आणि पाणी पाजणं यांत फरक असतो, पण खिडकी लहान होती.

मग हा शिरस्ताच पडला. चढताना झोप; वर गेल्यावर जाग. जाग आली की ती डोकं माझ्या खांद्यावर घासायची. एक बाजू, मग दुसरी. घट्ट दाबून धरायची. टिंबू कधी कोणाला बिलगत नाही. मिठी मारायला गेलं तर लाकडासारखी ताठ होते. मी चौथ्या रकान्यात एकाचे दोन केले, मग तीन, मग चार. शेरा म्हणून बाजूला लिहिलं: "स्वतःहून बिलगते."

अठराव्या सेशनच्या दिवशी सासूबाई विसरल्या. टिंबू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात चिमटे मांडत बसली होती, आणि त्यांनी टोमॅटो फिरवायला मिक्सर लावला. मी बाहेरच्या खोलीतून धावले. टिंबूने पिवळ्याशेजारी पिवळा चिमटा ठेवला. मानही वर केली नाही.

"अगं, बघतेस काय!" सासूबाईंचा हात बटणावरच होता. "बोलाव त्याला! अरे ए, दाढी राहू दे, इकडे ये आधी!"

नवरा अर्ध्या गालाला फेस लावून आला. "परत लाव, आई."

परत लावला. मग आणखी एकदा. शेवटी भांड्यात काही उरलं नव्हतं तरी लावला. तिघं उभे राहून मिक्सरकडे आणि मुलीकडे आळीपाळीने बघत होतो. नवऱ्याच्या गालावरचा फेस वाळला. "उतरलं काहीतरी," तो म्हणाला. "पहिल्यांदा काहीतरी उतरलं." त्याला मी याआधी एकदाच रडताना पाहिलं होतं, टिंबूचं निदान झालं त्या दिवशी.

सातव्या रकान्यात त्या दिवशी मी पाचाचा एक केला.

केंद्राच्या बाकावर जुळ्यांची आई माझ्या शेजारी बसायची. तिला सांगितलं तर तिने टाळीसाठी हात पुढे केला. "कितवं? अठरावं? आमच्या धाकट्याचं बाविसाव्याला. आता कुकरची शिट्टी झाली तरी ढिम्म. मोठा आहे तस्साच, तो बापावर गेलाय." आम्ही दोघी हसलो. केंद्राच्या सरांनी माझ्या तक्त्याची प्रत मागून घेतली.

सत्ताविसाव्या सेशननंतरची गोष्ट. दुपारचे चार वाजले होते. टिंबू माझ्याकडे पाठ करून चिमटे लावत होती. मी कपाटातून बिस्किटांचा पुडा काढला आणि फोडला. ती आली नाही.

मी पुडा तसाच धरून उभी राहिले. मग कागद मुद्दाम चुरगळला. दोन पावलं पुढे जाऊन परत चुरगळला. तिच्या डोक्यामागे, हातभर अंतरावर. काही नाही. मग मी पुढे जाऊन तिच्या डोळ्यांसमोर पुडा धरला. तिने लगेच दोन बिस्किटं घेतली.

म्हणजे भूक होती. बिस्किटं हवी होती. फक्त कागद ऐकू आला नव्हता.

प्रयोगशाळेत आमचे साहेब म्हणायचे, आकडा फार चांगला आला तर आधी बाटली बघा. मी तक्ता काढला आणि सातवा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. मग तिसरा. हाकेला वळणं: एक, एक, शून्य, एक, शून्य, शून्य. दुसरं कोणतंही मूल असतं, तर हाक ऐकू येत नाहीये हे चार दिवसांत कळलं असतं. आमच्या मुलीने हाकेला न वळणं ही तिची ओळख होती. तो रकाना आम्ही बघायचंच सोडून दिलं होतं.

नवरा घरी आल्यावर सांगितलं. त्याने बूटही काढले नव्हते.

"तुझं सुरू झालं परत," तो म्हणाला. "चांगलं काही झालं की तुला त्यात खडा सापडतो."

"खडा आहे म्हणून सापडतो."

"अगं, तेरा राहिलीत. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबवून माणसं उतरवत नाही मी."

"दोर तुटायला आला असेल तरी?"

सासूबाई दारातून म्हणाल्या, "मुलीला गुण येतोय तर आईच्या डोळ्यांत का खुपतोय, देव जाणे."

मी नवऱ्याच्या हातातल्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे आणि मग टिंबूकडे बोट दाखवलं. हा जुडगा तिचा जीव की प्राण. तो दारात वाजला की ती पळत येऊन हातातून ओढून घेते. त्या संध्याकाळी ती आली नव्हती, हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं असावं. कारण तो तिच्या पाठीमागे जाऊन उकिडवा बसला. किल्ल्या हळूच वाजवल्या. मग जरा जोरात. मग तिच्या उजव्या कानाशी, मग डाव्या. शेवटी तिला त्याची सावली दिसली, तिने वळून जुडगा घेतला आणि एकेक किल्ली चिमट्यांच्या ओळीत लावायला लागली.

तो तिथे बसूनच म्हणाला, "कधीची वेळ मिळेल डॉक्टरांची?"

कानाच्या डॉक्टर वयस्कर होत्या, आवाज खडा. टिंबूला नवऱ्याने मांडीवर धरलं, मी डोकं धरलं, आणि त्यांनी दोन्ही कानांत पाहिलं. मग एका लहान यंत्राची नळी एकेका कानाला लावून कागदावर निघालेली रेघ पाहिली. रेघ सपाट होती.

"दोन्ही पडद्यांमागे पाणी साठलंय. पडदे आत ओढले गेलेत, लालही आहेत. विमानात वगैरे गेला होतात?"

मी चेंबरचं सांगितलं. झोपेचंही सांगितलं, बाटलीचंही. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. हे त्याला माहीत नव्हतं.

"हं," डॉक्टर म्हणाल्या. "कानांत कापसाचे बोळे घातल्यासारखं झालंय तिला. मोठे आवाज बोथट, बारीक आवाज गायब. मिक्सरची भीती गेलेली नाही, मिक्सर लांब गेलाय."

"पण ती रडली नाही," मी म्हणाले. "दुखलं असतं तर रडली असती ना?"

"दुखलं तर असणारच. रडली नसेल. मग काय केलं तिने?"

मी आठवून सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. डॉक्टर पेन धरून वाट बघत होत्या.

"डोकं घासायची," मी म्हणाले. "माझ्या खांद्यावर. कान दाबून धरायची."

"बरोबर," त्या म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

त्यांनी सांगितलं की चेंबर आजपासून बंद. बहुतेक मुलांचं हे पाणी आपोआप ओसरतं, तीन आठवड्यांत किंवा तीन महिन्यांत. नाही ओसरलं तर पडद्यात बारीक नळी घालावी लागेल. दर पंधरा दिवसांनी दाखवायचं. "बोलायला शिकायच्या वयात ऐकू न येणं तिला परवडणारं नाही," एवढं त्या दाराशी येऊन म्हणाल्या.

रिक्षात नवरा म्हणाला, "बाटलीचं मला का नाही सांगितलंस?"

"ती झोपत होती."

"हं." थोड्या वेळाने त्याने टिंबूला माझ्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर घेतलं. रागाने की माझे हात भरून आले असतील म्हणून, मी विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी जुळ्यांच्या आईला फोन केला. ती ऐकून घेत होती. मागे कुकरची शिट्टी झाली, ती मलाही ऐकू आली.

"आमच्याला बरंच वाटतंय हो," ती शेवटी म्हणाली. "तुमचं तुम्ही बघा ना." आणि ठेवला. आठ दिवसांनी तिने कानाच्या डॉक्टरांचा पत्ता मागणारा निरोप पाठवला. फक्त पत्ता.

पहिल्या पंधरवड्यात काही फरक नव्हता. दुसऱ्यात डाव्या कानाची रेघ जराशी उचलली. घरात आवाज जपून करणं बंद झालं. जो तो टिंबूच्या मागे काही ना काही वाजवत फिरायचा. सासूबाई चमच्याने ताट, नवरा किल्ल्या. माझ्याकडे फक्त बिस्किटांचा पुडा. चारच्या ठोक्याला, पाठीमागून, चार पावलांवरून. वहीत तारीख आणि "नाही." रोज "नाही."

सातव्या आठवड्यात एक दिवस मी कपडे वाळत घालत होते आणि आतून किंकाळी आली. चिमटा हातात तसाच ठेवून पळाले. टिंबू दोन्ही हात कानांवर दाबून, डोळे मिटून, स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटून ओरडत होती. सासूबाई मिक्सर बंद करून त्याच्यापुढे अशा उभ्या होत्या, जणू कोणी तो परत लावेल.

"मी मुद्दाम नाही हं लावला," त्या म्हणाल्या. "म्हणजे मुद्दामच लावला. अगं, ऐकू आला तिला! ऐकू आला!" आणि तिथेच खाली बसून पदराने डोळे पुसायला लागल्या.

खालच्या मजल्यावरचे दार वाजवायला लागले. कोणी उघडलं नाही.

मी टिंबूजवळ गेले नाही. कपाटाकडे गेले. ती अजून हुंदके देत होती, पाठ माझ्याकडे, हात कानांवरून खाली यायला लागले होते. घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी चार पावलं मोजली, पुडा काढला आणि कागद फाडला.

ती वळली. नाक गळत होतं, गाल ओले होते. येऊन तिने दोन बिस्किटं घेतली, दोन हातांत दोन. मी खाली बसले, खांदा तिच्या उंचीला आला. तिने खांद्याला वळसा घातला आणि चिमट्यांकडे निघून गेली.

तक्त्यात सत्ताविसाव्या ओळीनंतरच्या तेरा ओळी रिकाम्या होत्या. अठ्ठाविसावी मी भरली. सातवा रकाना, पाच. चौथा, शून्य. "स्वतःहून बिलगते" या जुन्या शेऱ्यावर रेघ मारली नाही. खाली लिहिलं, "कान दुखत होते," आणि प्रत केंद्राच्या सरांना पाठवली.