पुढचं दार

आमच्या खाडीत बावीस घरं आहेत आणि बावीसही घरांची पुढची दारं समुद्राकडे तोंड करून आहेत. ती कुणी उघडत नाही. माणसं मागच्या दाराने येतात, न वाजवता, थेट स्वयंपाकघरात, आणि किटली कुठे असते ते ज्याला त्याला माहीत असतं. दार वाजवणारे दोघेच, पोलीस आणि पाद्री. दोघं बरोबरच येतात आणि पुढच्या दाराने येतात. माझा भाऊ सायलस बोटीसकट गेला तेव्हा याच घराचं पुढचं दार आईने उघडलं होतं. मी नऊ वर्षांची, तिच्या मागे उभी होते.

हे सगळं आम्ही जोसलिनला सांगायला हवं होतं. सहा महिने ती माझ्या शेजारी राहत होती आणि एकानेही सांगितलं नाही. न्यूफाउंडलंड बेटावरची माणसं किती प्रेमळ, असं बाहेरचे लोक म्हणतात. आम्हीही ऐकून मान डोलावतो.

जोसलिन आणि तिचा नवरा नेव्हिल नोव्हेंबरच्या सुरुवातीला कॅनडाच्या मुख्य भूमीवरून, ओंटारिओहून आले. दोघंही पासष्टीच्या पुढची. नेव्हिलची आई याच किनाऱ्यावरची, लहानपणी सुट्टीत तो आजोळी यायचा, एवढंच आम्हाला कळलं होतं. पहिल्याच दिवशी मी काकवीचा पाव घेऊन त्यांच्या मागच्या दाराशी गेले, मूठ फिरवली, तर दाराला आतून कुलूप. भर दुपारी. काचेतून जोसलिन दिसली. दार वीतभर उघडून तिने पाव घेतला.

“किती छान. थँक्यू हं. आम्ही सध्या जरा कामात आहोत.”

दुसऱ्या दिवशी एफीमावशी माशाचं कालवण घेऊन गेली. एफीमावशी अख्ख्या खाडीची मावशी, तिला आजवर कुणी दारातच उभं ठेवलं नव्हतं. ती तिथून तरातरा माझ्याकडे आली.

“कामात म्हणे. दोन म्हाताऱ्यांना कसलं गं काम? मी काय तिचे चमचे चोरणार होते?”

“दाखवायला चांगले चमचे नसतील,” मी म्हणाले.

मग एकदा जोसलिन लिंबाचा केक घेऊन मावशीकडे गेली आणि तिने पुढचं दार वाजवलं. मावशीचे दोन्ही मुलगे बोटीवर असतात. ती स्वयंपाकघरात छातीवर हात धरून बसून राहिली. अर्ध्या तासाने पडद्याआडून पाहिलं तर पायरीवर केक, आणि केकवर समुद्रपक्ष्यांची पंगत. आम्ही आठवडाभर हसलो, मी सगळ्यांत जास्त. तेव्हाच कुणी जाऊन म्हटलं असतं, बाई गं, मागून येत जा, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण ही काय सांगायची गोष्ट आहे का, असं आमचं म्हणणं. खरं म्हणजे त्या कुलपाचा आम्हाला राग आला होता.

मे महिना उजाडला, खेकड्यांचा हंगाम. माझा नवरा लिएंडर सोमवारी बोट घेऊन गेला, बुधवारी संध्याकाळी यायचा होता. गुरुवारची दुपार झाली तरी पत्ता नव्हता. धुकं असं की अंगणातलं कुंपण दिसेना, आणि वारा छपराशी भांडत होता. वायरलेसवर नुसती खरखर. चार पाव भाजून झाले होते, मी पाचव्याचं पीठ मळत होते. घरात खाणारी मी एकटी, पण हात थांबले की डोक्यात नको ते यायचं.

मागचं दार उघडलं आणि नेव्हिल आत आला. न वाजवता. पायांत घरातल्या सपाता, केस ओले. सरळ जाऊन चुलीजवळच्या बाकावर बसला.

“चहा टाकलायस का गं, मॅगमावशी?”

मॅगमावशी कोण ते मला ठाऊक नव्हतं. पण मला बरं वाटलं. त्या घरातलं कुणीतरी सहा महिन्यांनी का होईना, माणसासारखं आत आलं होतं. एरवी मी त्या भिजलेल्या सपाता पाहून काय ते ओळखलं असतं. त्या दिवशी माझा जीव पाण्यावर होता.

“टाकते की. पण मी व्हर्ना. जोसलिन कुठंय?”

“कामात आहे,” तो हसून म्हणाला. “कुलपं लावायची असतात बिचारीला. आज एक विसरली.”

मी डब्यातलं दूध घालून त्याला चहा दिला, बनला लोणी लावून दिलं. त्याने पहिला घास घेतला आणि पुढचं दार वाजलं.

तीन ठोके. थोडं थांबून पुन्हा तीन.

पुढच्या दाराला लागून बैठकीची खोली आहे आणि तिचंही दार आम्ही बंदच ठेवतो. वाऱ्यात बाहेरच्या माणसाचा आवाज स्वयंपाकघरात पोचत नाही, नुसते ठोके पोचतात.

“दार वाजतंय,” नेव्हिल म्हणाला.

“वाजू दे.”

“उघड ना. बाहेर थंडी आहे.”

“गप चहा प्या हो.”

मी जागची हलले नाही. आईने दार उघडलं होतं आणि त्या क्षणापासून सायलस मेला होता. दार उघडेपर्यंत तो आमच्या घरात जिवंत होता, त्याचं ताट मांडलेलं होतं. मी उघडलं नाही तर लिएंडर जिवंत राहील. मी शहाणीसुरती बाई, पण त्या वेळी माझा यावर पूर्ण विश्वास होता. ठोके वाढले. आधी बोटांनी, मग तळहाताने, मग मुठीने. पोलीस असं दार वाजवत नाहीत हे मला कळायला हवं होतं. मी नळ मोठा सोडला, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात घातले आणि मनात म्हणत राहिले, जा इथून, दुसऱ्या कुणाकडे जा. हो, अगदी असंच म्हणाले. शेजारणींची नावंसुद्धा घेतली.

ठोके थांबले.

“गेली,” नेव्हिल म्हणाला. तो ‘गेली’ म्हणाला, आणि माझ्या कानांवरून तेही गेलं.

मग पंधरा-वीस मिनिटांनी एफीमावशी मागच्या दाराने धापा टाकत आत आली.

“लिएंडर सुखरूप आहे गं बये. इंजिन बंद पडलं होतं, पलीकडच्या बेटाच्या आडोशाला थांबलेत सगळे. माझ्या थोरल्याचा फोन आला. तुझा फोन मेलाय की काय?”

मी नळ बंद केला. “मग पुढच्या दारी कोण आलं होतं?”

“कोण येणार, ती बाहेरची. सगळ्यांची दारं बडवत सुटलीय, माझंही बडवलं. मी काय उघडतेय. नंतर खिडकी उघडली तर खाली खडकांकडून तिचा आवाज येत होता, नवऱ्याच्या नावाने हाका मारत होती. मी ओरडले, तिला ऐकूच...”

मावशीची नजर बाकाकडे गेली. नेव्हिल दुसऱ्या बनला लोणी लावत होता.

मी पिठाच्या हातांनीच धावले. धुक्यात खडक दिसत नव्हते, मी तिच्या आवाजाच्या मागे गेले, आणि मध्येच तो आवाजही थांबला. तेव्हा मी देवाला जे जे कबूल केलं त्यातलं अजून काहीच पाळलेलं नाही. जोसलिन कमरेपर्यंत पाण्यात होती. मे महिन्यातही आमच्या पाण्यात बर्फाचे तुकडे असतात. समोर काळ्या शेवाळाचा एक मोठा झुबका लाटेवर वरखाली होत होता आणि ती दोन्ही हातांनी तो आपल्याकडे ओढत होती.

“चल, नेव्हिल,” ती त्याला म्हणत होती. “चल ना रे घरी.”

मी तिला ओढत बाहेर काढलं. तिच्या बोटांच्या पेरांवरची कातडी गेली होती.

“मी सगळी दारं वाजवली,” ती म्हणाली. दात वाजत होते. “एकवीस. कुणीच घरी नव्हतं. असं कसं कुणीच नव्हतं?”

“तो माझ्याकडे आहे. चहा पितोय. ऐकलंस का, चहा पितोय तो.”

तिला ते कळायला वेळ लागला. मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“तुझ्याकडे? तुझं दार तर मी किती वाजवलं.”

“मी लाकडं आणायला खोपीत गेले होते,” मी म्हणाले.

ती तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये होती, त्यातले पहिले पाच दिवस वाचेल की नाही अशी. तेवढे दिवस नेव्हिल आमच्या घरांतून फिरत राहिला. सकाळी एका स्वयंपाकघरात, दुपारी दुसऱ्या. कुणालाही मॅगमावशी म्हणायचा आणि सगळ्या बायका ओ द्यायच्या. ती घरी आल्यावर मी तिला मागच्या दाराचं सगळं सांगितलं. ती हसली आणि मग बराच वेळ रडली.

“त्याच्या डोक्यातलं एकेक पुसलं जातंय, दोन वर्षं झाली,” ती म्हणाली. “तिकडे लोक आम्हाला टाळायला लागले होते. मला वाटलं, इथे पुढे पाणी, मागे डोंगर, कुलूप लावलं की झालं. तुम्हाला कळलं तर तुम्हीही टाळाल असं वाटायचं.”

आता ती कुलूप लावत नाही. रोज चारला दोघं माझ्याकडे येतात, मागच्या दाराने, न वाजवता. किटली तीच ठेवते. खाडीत जो भेटेल त्याला सांगते की व्हर्नाने मला पाण्यातून काढलं, बहीण असती तरी तिने एवढं केलं नसतं. लिएंडर ऐकतो आणि माझ्याकडे कौतुकाने बघतो. त्यालाही मी खोपीचंच सांगितलं आहे.

परवा चहा पिता पिता नेव्हिलने कप खाली ठेवला.

“दार वाजत होतं,” तो मला म्हणाला. “मी म्हटलं होतं तुला, उघड. तू नळ सोडलास.”

माझ्या हातातली किटली तशीच राहिली. जोसलिनने त्याच्या ओठाला लागलेलं लोणी पुसलं.

“कुठलं दार रे राजा?” ती म्हणाली. “इथे कुणी दार वाजवत नाही.” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “मनावर घेऊ नकोस गं. काहीही बोलतो हल्ली.”

“असू दे,” मी म्हणाले, आणि तिचा कप भरला.