एकबी गोळी चुकली न्हवती

पाळी चुकून वीस दिवस झाले तरी शालूबाईनं कुणाला सांगितलं नव्हतं. पदरात दोन मुली, आणि येत्या मार्चात ती बाहेरून एस.एस.एल.सी.ला, म्हणजे दहावीला, बसणार होती. म्हणून तर वर्षभर ती गोळ्या नेमानं घेत होती. नवरा मष्णू उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून आला, की चपला काढता काढताच विचारायचा, "घेतलीस न्हवं?" आता त्याला काय सांगायचं?

शेवटी ती सांबऱ्याच्या दवाखान्यात मालुबाई नर्सकडं गेली. "एकबी चुकली न्हाई हो आक्का. लेकींची शपथ!"

तपासून झाल्यावर मालुबाईंनी विचारलं, "मधी आजारी पडलीवतीस काय?"

शालूला आठवलं. दसऱ्यानंतर जुलाब-उलट्यांनी तीन दिवस ती उठली नव्हती.

"मग गोळी पोटात राहिली कुठं? अशा वेळी काही दिवस दुसरं साधनबी वापरावं लागतं. मीच सांगाय पायजे होतं. दिवस गेल्यावर घेतलेल्या गोळ्यांनी सहसा बाळाला काय होत न्हाई. आता तेवढ्या बंद कर."

संध्याकाळी तिनं मष्णूला सांगितलं आणि सांगता सांगता रडायलाच लागली. "तुमास्नी खोटं वाटत असंल..."

"खोटं कशाला वाटंल? उलट्या हुताना पातेलं मीच धरलंवतं की! तुला काय पायजे ते बोल."

शालूनं डोळे पुसले. "पोर पायजे. आन् परीक्षाबी."

शेंगा सोलत बसलेली सासू तानुबाई मान वर न करता म्हणाली, "मग दोन्ही हू दे. चूल मी बघतो. तू पुस्तक काढ."

परीक्षेला सहावा महिना लागला होता. बाकड्यात पोट मावेना, तेव्हा तिथल्या मास्तरांनी स्वतःची खुर्ची दिली. तानुबाई रोज ताकाचा तांब्या घेऊन फाटकाबाहेर बसायची. गणितानं घाम फोडला, पण शालू पास झाली. जुलैत तिसरी मुलगी झाली, गुटगुटीत.

पंधरवड्यानं मष्णू आपण होऊन मालुबाईंकडं गेला आणि नसबंदीचं विचारून आला. आणीबाणीत ह्याच नावानं माणसं रानात पळाली होती. फाउंड्रीत सगळे हसले. "हसा," तो म्हणाला, "वरीसभर तिनं सोसलं. मला एकच दिवस जायचंय."

तो ऑपरेशन करून आला, तेव्हा सुनेसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा तानुबाईनं दोघांच्या मधे ठेवला. एक सुनेला दिला, एक लेकाला. शालूला हसू आवरेना.

"हसतीस काय? त्येलाबी ताकद पायजे," तानुबाई म्हणाली आणि नातीला मांडीवर घेऊन बसली.