राहिला की राहिले

माझ्या बायकोला फुटबॉलवाले अजिबात आवडत नाहीत, आणि तिचा सख्खा धाकटा भाऊ फुटबॉलवाला आहे. या दोन गोष्टींच्या मधोमध माझा संसार चाललेला असतो.

बायकोचं नाव बुद्धप्रिया. नांदेडच्या एका शाळेत ती खेळ शिकवते. एकेकाळी राज्याच्या संघातून कबड्डी खेळली, आता पंच म्हणून जाते. तिचा भाऊ आनंदराज कोलकात्याच्या एका क्लबकडून खेळतो, त्यावरच त्याचं पोट आहे. मी नरसिंग, विष्णुपुरीला पाटबंधारे खात्यात कारकून. मला कॅरमसुद्धा धड येत नाही. त्यामुळे बहीणभाऊ भांडले की न्यायनिवाडा माझ्याकडे येतो आणि शेवटी दोघंही माझ्यावरच उखडतात.

त्या दिवशी सकाळी आम्ही तिघं गाडीतून लातूरला निघालो होतो. आनंदराजची चौकशी होती. महिन्यापूर्वी लातूरच्या क्रीडा महोत्सवात त्यानं पंचांना अपशब्द वापरले, असा आरोप होता. तो सिद्ध झाला तर बंदी. आणि क्लबनं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की बंदी आली तर परत यायची तसदी घेऊ नका. तिशीकडे झुकलेल्या मिडफिल्डरला दुसरा क्लब कोण देतो? खेळाशिवाय त्याला दुसरं काही येत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि आम्हालाही.

त्या महोत्सवाला मी होतो. एकाच मैदानावर सकाळी कुस्त्या झाल्या, दुपारी मुलींची कबड्डी आणि मग नांदेड विरुद्ध लातूर असा फुटबॉलचा सामना. कुस्तीत जो चितपट झाला त्यानं उठून जिंकणाऱ्याचा हात वर केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. कबड्डीत एका मुलीच्या पायाला चढाईवाल्या पोरीचं बोट निसटतं लागलं. पंचांना दिसलं नव्हतं. पण जिला लागलं ती पोरगी आपली आपण हात वर करून बाहेर गेली. बुद्धप्रियानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिनंच तिला जन्म दिला होता. कबड्डीतही पोरी बोचकारतात, कुस्तीतही कान पिळतात, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्याचा व्हिडिओ कोणी काढत नाही.

मग फुटबॉल सुरू झाला. सुट्टीवर येऊन नांदेडकडून खेळणारा आनंदराज गोलजवळ पडला. खरं सांगायचं तर लातूरचा पोरगा त्याच्यापासून हातभर लांब होता. मुंबईहून आलेल्या पंचांनी पेनल्टी दिली नाहीच, उलट नाटक केलं म्हणून याला पिवळं कार्ड दाखवलं. झालं. नांदेडचा अख्खा संघ पंचांभोवती गोळा झाला, पंच मागं सरकत गुणफलकाच्या टेबलापर्यंत गेले, हातवारे, आरडाओरडा, आणि सगळ्यांच्या पुढं आमचे मेहुणे, पंचांच्या छातीला छाती लावून. पिवळ्याचं लाल झालं. त्याचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत महाराष्ट्रभर फिरला. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं. पैलवानांकडून शिका म्हणे, फुटबॉलवाल्यांना केसांची फॅशन तेवढी येते म्हणे.

व्हिडिओत त्याचं वाक्य ऐकू येत होतं. ‘काय करून राहि...’ एवढं आलं की लोकांचा गलका होतो आणि शेवटी ‘मामू’ हा शब्द स्वच्छ येतो. मुंबईच्या फुटबॉल संघटनेला झोंबला तो मामू. तिकडं मामू म्हणजे ज्याला कोणीही बनवावं असा माणूस. आमच्या नांदेडात मात्र केस पिकले की माणूस मामू होतो. रिक्षावाला मामू, भाजीवाला मामू, शाळेचा शिपाई मामू. त्यात जात येत नाही, धर्म येत नाही, फक्त मान येतो.

आनंदराजचा बचाव एवढाच होता. मुंबईच्या पंचाला नांदेडचं मामू कळलं नाही. ते समजावून सांगायला खेळातलं एक जाणतं माणूस सोबत असावं म्हणून बुद्धप्रिया आली होती. बचाव चांगला होता. पण सामन्याच्या संध्याकाळी घरी भाकरी थापता थापता ती मला जे बोलली होती, ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

“मामूचं काही नाही हो,” ती म्हणाली होती. “तो ‘काय करून राहिला मामू’ म्हणाला. राहिला. बापाच्या वयाच्या माणसाला. मी गुणफलकाच्या टेबलाशी होते, माझ्या या कानांनी ऐकलंय.”

नांदेडचं माणूस मामूला ‘करून राहिले’च, म्हणजे ‘करताय’च म्हणणार. ‘राहिला’ आलं की मान गेला, उरली ती टर. एका अक्षराचा फरक, पण आमच्याकडं त्यावरून भांडणं झालेली आहेत.

लोहा मागं पडल्यावर बुद्धप्रियानं विषय काढलाच. “तुमच्या खेळात पंचाला घेरायची रीतच हाय का रे?”

“रीत हाय,” आनंदराज म्हणाला. “न्हाई घेरलं तर कोच बेंचवर बसवतो. आज वरडलो तर पुढचा निकाल आपल्या बाजूनं लागतो, असं शिकवतात. तुझ्या कबड्डीत कुणी पगार देत नव्हतं ताई, म्हणून हात वर करणं सोपं होतं.”

“सोपं? मी हात वर केला म्हणून नॅशनलची उपांत्य फेरी हारलो होतो आम्ही.”

“माहीत हाय. लहानपणापासून तेच ऐकून राहिलो.”

मी रेडिओ लावला. दोघांनीही एकदमच बंद करायला सांगितलं.

चौकशी लातूरच्या क्रीडा संकुलातल्या एका खोलीत होती. समितीचे अध्यक्ष अण्णाराव, निवृत्त मुख्याध्यापक, तरुणपणी पैलवान. मान अजून बैलासारखी जाड. त्यांच्या शेजारी दोन सदस्य, ते अखेरपर्यंत काही बोलले नाहीत. समोर पंच सिद्धेश्वर, पिकलेले केस, इस्त्रीचा शर्ट, मुंबईत बँकेत नोकरी करून निवृत्त झालेले. भाषा अशी की आकाशवाणीवर बातम्या वाचाव्यात. मी भिंतीकडच्या खुर्चीवर बसलो.

आनंदराज नीट बोलला. मान खाली, आवाज मऊ. “साहेब, आमच्याकडं मोठ्या माणसाला मामू म्हणतात. मला अपमान करायचा नव्हता. साहेब मुंबईचे हायेत, गैरसमज झाला.”

बुद्धप्रियानंही मामूचं सगळं समजावलं. रिक्षावाला, भाजीवाला, शिपाई. त्यात एक शब्द खोटा नव्हता. अण्णाराव मान डोलावत होते. मला वाटलं, सुटलो.

सिद्धेश्वर शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी चष्मा काढला आणि आनंदराजकडं पाहून म्हणाले, “मी जळकोटचा हाय, बाळ.”

त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला.

“जन्म तिकडचा, शाळा तिकडची. आमच्यात बी मामूच म्हनतात. माझ्या बापाला समदं गाव मामू म्हनायचं. माझ्या अहवालात मामू शब्द न्हाई, तो मुंबईवाल्यांनी व्हिडिओतून उचलला. मी लिवलं ते एवढंच, की हा मला एकेरी बोलला. काय करून राहिला मामू, म्हनला. राहिले म्हनला असता तर मी हसून पुढं गेलो असतो.”

आनंदराजचा चेहरा पडला. मुंबईचा म्हणून ज्याला हिशोबातच धरलं नव्हतं, तो माणूस आमच्याच मातीचा निघाला. मी मनातल्या मनात स्वतःला दोन शिव्या घातल्या. आम्हा तिघांपैकी एकालाही त्याचं गाव विचारायचं सुचलं नव्हतं.

“राहिलेच म्हनलो मी,” आनंदराज म्हणाला. पण मऊ आवाज आता घोगरा झाला होता.

अण्णारावांनी व्हिडिओ पुन्हा लावला. पुन्हा पुन्हा लावला. ‘राहि’, मग गलका, मग मामू. त्या गलक्याच्या आत काय होतं ते यंत्राला सांगता येईना.

“तुमचा शब्द, त्याचा शब्द,” अण्णाराव सिद्धेश्वरांना म्हणाले. “मंग कसं करावं?”

“या मॅडम टेबलाशी होत्या,” सिद्धेश्वर म्हणाले. “आमच्यापासून चार पावलांवर. त्यांना इचारा. त्या पंच हायेत. त्यांचं नाव मी मुंबईत बी ऐकलेलं हाय, हरले तरी चालेल पर हात वर करणाऱ्या म्हनून. त्या याच्या भैन असल्या तरी त्या म्हनतील ते मला कबूल.”

तो माणूस मनापासून बोलत होता, हेच वाईट होतं. त्यानं अडकवायला म्हणून तिला विचारलं असतं तर तिला चिडता आलं असतं.

अण्णाराव वळले. “मॅडम, सांगा. राहिला की राहिले?”

बुद्धप्रिया उभी राहिली. बसूनही चाललं असतं, पण ती उभी राहिली. तिनं एकदा भावाकडं पाहिलं. तो तिच्याकडं बघत नव्हता, टेबलाच्या कडेवर नखानं रेघ ओढत होता. बाप गेला तेव्हापासून तिनंच या पोराला वाढवलं. त्याचे पहिले बूट तिच्या पहिल्या पगारातले. तो परत नांदेडात येऊन काय करणार, कुठल्या दुकानात उभा राहणार, हे सगळं तिच्या तोंडावर मला वाचता येत होतं. मी मनात म्हणत होतो, खरं बोल. आणि त्याच दमात म्हणत होतो, बोलू नकोस. लाज वाटली मला माझी, पण दोन्ही खरं होतं.

“राहिले,” ती म्हणाली.

“नक्की?”

“राहिले म्हणाला. मी स्पष्ट ऐकलं.”

सिद्धेश्वरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ते रागावले नाहीत, वाद घातला नाही. “मंग माझंच चुकलं असेल,” म्हणाले, “वय झालं, कानाचा काय भरवसा.” आणि आपल्या कानाला हात लावला, खरंच, जणू त्यातच काही बिघाड असावा.

अण्णाराव लिहायला वाकले. तेवढ्यात आनंदराजची खुर्ची मागं सरकली.

“थांबा साहेब,” तो म्हणाला. “ताई खोटं बोलून राहिली.”

बुद्धप्रियानं त्याच्याकडं वळून असं पाहिलं की मला वाटलं आता कानाखाली वाजवते. “गप बस,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “गप बस आनंद्या.”

“राहिला म्हनलो मी. मुद्दाम म्हनलो. लागावं म्हनूनच म्हनलो.” मग तो सिद्धेश्वरांकडं वळला. “आणि मला कुणी पाडलं बी नव्हतं. तुमचे कान चांगले हायेत, डोळे बी चांगले हायेत.”

अण्णारावांनी लिहिलेली ओळ खोडली. मग त्यांनी बुद्धप्रियाला फार हळू विचारलं, एखाद्या विद्यार्थिनीला विचारावं तसं. “मॅडम, पुन्हा एकदा सांगता का?”

ती अजून उभीच होती. “राहिला,” ती म्हणाली आणि बसली.

सहा महिन्यांची बंदी झाली. बुद्धप्रियाच्या पंचगिरीचं काय करायचं, ते कबड्डीची संघटना ठरवेल, असं अण्णाराव म्हणाले. निघताना सिद्धेश्वर दारात थांबले होते. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण बुद्धप्रिया त्यांच्याकडं न बघता निघून गेली. मला तिचा राग आला, आणि तिची कीवही आली.

परतीला दोघं मागच्या सीटवर बसले. चाकूर गेलं, अहमदपूर आलं. मग बुद्धप्रिया एकदम फुटली. “तुझ्यासाठी बोलले मी. माझं नाव, माझी इज्जत, समदं तुझ्यासाठी टाकलं. आणि तू मलाच खोटं पाडलंस? चार लोकांत?”

“हाव.”

“का पण?”

“मैदानात मी रोज खोटा पडतो, ताई. त्याचेच पैसे घेतो. दर वेळी उठताना मनात म्हणतो, असू दे, आपल्या घरात एक माणूस तसलं न्हाई.” तो खिडकीबाहेर बघत होता. “तू बी तसली झालीस तर मग मी कुणाचं नाव घेऊ?”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कोलकात्याचा मॅनेजर होता. फोन मोठ्या आवाजावर होता, मलाही ऐकू आलं. तो हिंदीत विचारत होता की आरोप खोटाच होता ना, पुन्हा दाद मागू या, आमचा वकील आहे, तू फक्त बोललो नाही एवढं म्हण.

“बोला था, सर,” आनंदराज म्हणाला. “मैंने बोला था.”

पलीकडून फोन बंद झाला. आरशात मला दिसलं, बुद्धप्रियानं तो फोन त्याच्या हातातून काढून घेतला, आपल्या पर्समध्ये टाकला आणि त्याचा हात धरला. नांदेड येईपर्यंत तिनं तो सोडला नाही.