भिंतीवरची विहीर

"विहीर चुकली," वळ्ळिअम्मै म्हणाली.

योगेस्वरी शिडीवरून खाली उतरली. नव्याने बांधलेल्या वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवर ती नऊ दिवस गाव रंगवत होती. श्रीलंकेतलं जाफन्याजवळचं हे गाव सैन्याने अठ्ठावीस वर्षांनी लोकांना परत दिलं, तेव्हा तिथे एकही घर उभं नव्हतं. त्यातली बरीच वर्षं योगेस्वरी नॉर्वेत मासळीच्या कारखान्यात काम करत होती. परतल्यावर तिने एकच ठरवलं: गाव होतं तसं काढायचं, आणि प्रत्येक घराखाली, माणसाखाली नाव लिहायचं. रविवारी उद्घाटन होतं.

"चुकली कशी, अक्का? कठडा आहे, दोर आहे, चिंचसुद्धा आहे."

"सगळं आहे. आम्ही नाही." म्हातारीने पान गालात सरकवलं. "आमच्या जातीला विहिरीला हात लावायची बंदी. कुणी पाणी घालेल म्हणून मडकी घेऊन लांब उभ्या असायचो. दुपार टळायची. तूही घालायचीस, वरून, पोहरा मडक्याला लागू न देता. विसरलीस होय? तिकडच्या थंडीत बरंच गोठलं म्हणायचं."

योगेस्वरी खरंच विसरली होती. तिने ब्रश बुडवला.

"उभी राहा, अक्का. तेव्हा राहायचीस तिथेच."

वळ्ळिअम्मै तासभर उन्हात उभी राहिली.

संध्याकाळी वाचनालयाचे अध्यक्ष तिल्लैनादन मास्तर आले. विहिरीपाशी नजर जाताच आत जाऊन चुन्याचा डबा घेऊन आले.

"योगेस, हे पूस. लोक रविवारी आपलं गाव बघायला येणार आहेत."

"गावच आहे हे, मास्तर."

"माणसं आत्ता कुठे परत येतायत. आता इथे कुणी कुणाची जात विचारत नाही. तू कशाला उकरतेस?"

"मग अख्खी भिंत पुसा. विहीर ठेवून एवढंच पुसायचं, हे माझ्याच्याने होणार नाही."

"तुझ्याच्याने नाही ना? मी पुसतो."

मास्तर डबा घेऊन भिंतीशी वाकले आणि थांबले. पाणी ओतणाऱ्या मुलीखाली लिहिलं होतं: योगेस्वरी, वय बारा.

"स्वतःचं नाव घातलंस?"

"मीच होते ती."

"उद्या माझ्या आईचंही घालशील!"

"त्याही ओतायच्या. घालायचं की नाही, तुम्ही सांगा."

डबा मास्तरांच्या हातातच राहिला.

वळ्ळिअम्मै पुढे आली. डोळे बारीक करून स्वतःकडे बघत राहिली.

"ताठ काढलीस गं मला."

"छान दिसतेस की."

"दिसते. पण मी वाकायचे. वाकल्याशिवाय पाणी कोण घालायचं?"

रंग अजून ओला होता. योगेस्वरीने फडक्याने पाठीची रेघ पुसली आणि वाकवून पुन्हा काढली.