बिशपच्या गळ्यातली पट्टी

लेस्टरने कागदाची पट्टी बिशपच्या गळ्याभोवती गुंडाळली आणि टोकं चिकटवली. एरवी त्या बोक्याने हात ओरबाडला असता. आज त्याने मान पुढे केली. लेस्टरला तो समजूतदारपणा वाटला.

पट्टीवर लिहिलं होतं : 'मूत्रपिंडं बिघडली आहेत. खायला घालू नका. घातलं असेल तर इथे लिहा.'

टास्मानियाच्या त्या किनारी गावात ही रीत जुनीच. मांजर कुणाचं यावर दोन घरांत वाद झाला की गळ्यात पट्टी बांधून मांजरालाच निरोप्या करायचं.

सकाळी दवाखान्यात प्राण्यांची डॉक्टर रुआन हिने टेबलावर मांजराच्या पथ्याच्या खाण्याची तीन पाकिटं मांडली होती. एक कोंबडीचं, एक ट्यूना माशाचं, तिसरं पुन्हा कोंबडीचंच, पण 'रसदार'. तिन्हींवर चित्रात एकच मांजर होतं, गावातल्या कुठल्याही माणसापेक्षा धडधाकट.

"यातलं कुठलं घेऊ?"

"तो खाईल ते."

"पंधरा दिवसांत कशालाच तोंड लावलं नाही. शेजारीपाजारी जेवत असणार, डॉक्टर. नावच बिशप. घरोघरी आमंत्रणं असणारच."

डॉक्टर हसली नाही. "रक्ततपासणीतले आकडे वाढलेत, लेस्टर. तो खरंच कुठे जेवतोय का, तेवढं बघा."

लेस्टर पाकिटाची मागची बाजू वाचत होता. "तांदूळ! मांजराला तांदूळ!" असं म्हणून त्याने तिन्ही घेतली. बायको, नोरा, गेल्यापासून घरात तो आणि बिशप दोघंच होते, त्यामुळे वायफळ खर्चावर बोलणारंही कुणी नव्हतं.

ऊन उतरता उतरता बिशप परतला. तीन पायऱ्या चढताना दोनदा बसला. लेस्टरने चष्मा लावून पट्टी सोडली. वाटलं होतं तसंच झालं होतं, पट्टी भरलेली होती.

'माफ कर, लेस. रोज दोन कोलंब्या. पण सोमवारपासून शिवत नाही. — मर्ल'

'आमच्याकडे सॉसेज असायचं. या आठवड्यात आलाच नाही.'

'मंगळवारी दूध ठेवलं. नुसतं हुंगलं. बरा आहे ना?'

लेस्टरने बोटांवर दिवस मोजले. आज शनिवार होता. त्याने पुन्हा मोजले. मग कुंपणाशी जाऊन हाक मारली.

"मर्ल! कोलंबी आहे का गं?"

"अरे, तूच लिहिलंस ना घालू नका म्हणून?"

"आहे का, एवढं सांग."

मर्ल सोललेल्या कोलंब्या बशीत घेऊन आली आणि गुडघे धरत पायरीवर टेकली.

"घे रे भामट्या. आज तुझा मालकच वाढतोय."

बिशपने बशी हुंगली. मग बशीच्या काठावर हनुवटी टेकवून डोळे मिटले.

मर्लने एक कोलंबी त्याच्या नाकाशी धरली, मग परत बशीत ठेवली.

"लेस, माझ्या कोलंब्यांनी तर नाही ना रे..."

"छे गं. तुझ्याकडे चापत होता म्हणून तर इतके दिवस निघाले."

खरं काय ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मर्लने मान हलवली आणि कोलंबीवर बसलेली माशी उडवली.

लेस्टर आत गेला. फळीवरची तिन्ही पाकिटं त्याने बाजूला सारली, मागे डॉक्टरच्या घरचा नंबर टाचलेला होता. दोनदा चुकीचा लागला.

"डॉक्टर, लेस्टर बोलतोय," तो म्हणाला. "नाही, पाकिटांचं काही नाही. तो कुठेच जेवत नाही. त्याचा त्रास संपवायला उद्या तुम्ही घरी याल का?"