पुढच्या जिन्याने

“मान हलवू नका मावशी, टोपी सरकतेय,” असं म्हणत कमोनशेठने आणखी एक पिन माझ्या टाळूत खुपसली. “आणि लक्षात ठेवा, कुणी विचारलं तर तुम्ही हवाईसुंदरी होतात.”

“मी ओकारीच्या पिशव्या उचलायचे.”

“ते नका सांगू.”

अंगावर जांभळं रेशीम, गळ्यात ऑर्किडची माळ आणि पिकल्या केसांवर ती चोचदार टोपी. आरशात बघून माझी मलाच शिसारी आली. कमोनने मोडीत काढलेलं एक डाकोटा विमान बँकॉकबाहेर रंगसितच्या हमरस्त्यालगत आणून उभं केलं होतं. त्याला चंदेरी रंग फासला, आत टेबलं मांडली, इंजिनांचे पंखे घासून आरशासारखे लखलखीत केले. विमानाला सांभाळणाऱ्या देवीसाठी नाकाला तीन रंगांची कापडं बांधली. आज त्यात त्याचं कॉफीचं दुकान उघडणार होतं. दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘डॉन मुआंग विमानतळाचे सोनेरी दिवस’.

कसले सोनेरी आलेत डोंबलाचे. दुसरं महायुद्ध संपलं आणि डॉन मुआंगवर विमानांची रीघ लागली. एक उतरलं की दुसरं डोक्यावर घिरट्या घालायचं. ती विमानं ढगांच्या वरून जात नसत, ढगांतून जात. त्यामुळे आतली सगळी माणसं ओकत. मंत्री ओकत, व्यापारी ओकत, नव्या नवऱ्या लग्नाच्या कपड्यांवर ओकत. दार उघडलं की पेट्रोल, चिरूट, कुणीतरी डब्यातून नेलेली आंबवलेली मासळी आणि ओकारी, असा सगळा मिळून एकच वास अंगावर यायचा. बाहेर इंजिनं तेल गाळत उभी असायची. आणि शेपटाकडे संडास. त्याला ना पाणी ना नळ, नुसती झाकणाची बादली. ती भरलेली बादली दोघींनी मिळून उतरवायची. कडीला एका बाजूने मी धरायचे, दुसऱ्या बाजूने बुनमा.

बुनमा ईशान्येच्या ईसान भागातली, काळीसावळी, तोंडाने फटकळ. भरली बादली उचलताना म्हणायची, “सुपिन, हे बघ, साहेबलोकांचा सगळा थाट आपल्या हातात आहे.” मी हसले की बादली हिंदकळायची आणि मग ती मलाच शिव्या घालायची.

घाण ओतायचा खड्डा विमानांच्या रांगेच्या टोकाला होता. इमारतीच्या बाजूने सरळ गेलं तर जवळ. पण त्या बाजूने प्रवासी चालत, आणि त्यांना स्वतःचीच घाण बघायची नसे. एका बाईसाहेबांनी तक्रार केली आणि नियम झाला की बादली पलीकडून न्यायची, शेजारच्या विमानाच्या नाकासमोरून वळसा घालून. चारी बाजूंनी इंजिनांचा गोंगाट असायचा. कुठलं चालू आहे आणि कुठलं बंद, हे कानाला कळत नसे. डोळ्यालाही नाही, कारण जोरात फिरणारा पंखा दिसत नाही. तिथे नुसती हवा आहे असंच वाटतं.

त्या दिवशी संध्याकाळी मी झाडू आणायला आत वळले आणि बुनमा म्हणाली, अर्धीच आहे, मी एकटीच नेते.

पुढचं सांगायला मला आवडत नाही. शेजारच्या विमानाचा पंखा चालू होता, तिला दिसला नाही. प्रवाशांना इमारतीतच थांबवून लिंबाचं सरबत दिलं. फरशी धुवायचा पाइप माझ्याच हातात आला, कारण साफसफाई माझं काम होतं. मग चौकशी बसली. बुनमा जिथे जायला नको तिथे गेली होती, असं ठरलं. तिथूनच जायचा नियम ज्यांनी केला होता, त्यांनीच हे ठरवलं.

तिची पोर अरुणी तेव्हा जेमतेम बोलायला लागली होती. तिला मी वाढवलं. आता तिला नातवंडं आहेत, आणि कमोनच्या दुकानाचं स्वयंपाकघर तीच बघते.

जो असा अचानक जातो तो त्या जागेलाच धरून राहतो, असं आमच्याकडे मानतात. अरुणी दरवर्षी देवळात आईच्या नावाने भिक्खूंना जेवण देते, पण ते पुण्य आईपर्यंत पोहोचतच नाही असं तिच्या मनाने घेतलं आहे. विमानतळाच्या फरशीवर जाऊन उदक सोडायला आम्हाला कोण देणार होतं? म्हणून हे विमान आलं तेव्हा ती माझ्याकडे आली. उद्घाटनाला भिक्खू येणार, उदक सोडलं जाणार, तेव्हा आईचं नाव घ्या असं कमोनशेठला सांगा. ते हेच विमान होतं का, मला ठाऊक नाही. एकाचा पंखा काढून दुसऱ्याला लावत. अरुणी म्हणाली, “कुठलं का असेना मावशी. वासावरनं ओळखेल ती.”

मी कमोनला विचारलं. तो म्हणाला, घेऊ की नाव, पण मग तुम्ही रेशीम नेसा. मी नेसले.

भिक्खू आले. पांढरा दोरा विमानाभोवती गुंडाळला गेला, मंत्र झाले. शेवटी कमोनने पितळी झारी हातात घेऊन उदक सोडायला सुरुवात केली. अरुणी स्वयंपाकघराच्या दारात हात जोडून उभी होती. कमोनने वडिलांचं नाव घेतलं, आजोबांचं घेतलं, जागा देणाऱ्या सासऱ्याचं घेतलं. झारी रिकामी झाली. अरुणीचे हात तरी बराच वेळ जोडलेलेच होते.

भिक्खू गेल्यावर मी त्याला कोपऱ्यात गाठलं.

“मावशी, शुभ दिवशी अपघातात मेलेल्या बाईचं नाव कसं घेणार?” तो कुजबुजला. “भुताचं विमान म्हणतील लोक. तुम्ही काय, उद्या घरी घ्या नाव.”

मला त्याच्या अत्तराचाही वास सहन होईना.

मग पाहुणे आले. जिन्याला लाल गालिचा घातला होता. फोटोवाले मला जिन्यावर उभी करून हसायला सांगत होते. बँकॉकहून आलेल्या एक वयस्क, मोत्यांची माळ घातलेल्या बाई माझा हात धरून म्हणाल्या की लग्न झाल्यावर त्या असल्याच विमानाने पेनांगला गेल्या होत्या. त्या काळची माणसं किती नीटनेटकी, किती सुंदर होती. मी कुठल्या फेऱ्यांवर असायचे, तेही त्यांनी विचारलं.

“सगळ्याच,” मी म्हटलं. “उतरल्यावर.”

त्या गोड हसल्या आणि आत गेल्या.

दुपार झाली तसा पत्रा तापला. कमोनने विजेचे पंखे लावले होते, पण आत माणसं दाटीवाटीने बसली होती, आणि समोर उग्र वासाच्या दुरियन फळाचा केक अन् दाट दुधाची कॉफी. तापलेल्या तळाखालून तो जुना वास वर यायला लागला. इतकं रंगवलं, इतकं धुतलं, तरी तो गेला नव्हता. तो मला एकटीला येत होता की सगळ्यांना, कोण जाणे. मोत्यांच्या बाई एकदम उभ्या राहिल्या, त्यांनी तोंडावर हात धरला, आणि दोन टेबलांच्या मधोमध भडाभडा ओकल्या. ते बघून त्यांच्या शेजारचे गृहस्थही ओकले.

लोक नाकं दाबून मागे सरकले. आत्ता कुठे सोनेरी दिवस आले, असं माझ्या मनात आलं. कमोनने इकडेतिकडे बघितलं आणि त्याची नजर माझ्यावर थांबली. त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं, आणि तोंडाने म्हणायची त्याला लाज वाटली एवढंच.

मी टोपी काढून खुर्चीवर ठेवली. रेशीम वर खोचलं. बाईंना खिडकीपाशी बसवून ओला रुमाल दिला. त्या बिचाऱ्या मान वर करेनात. अरुणी आतून बादली आणि कॉफीचा चोथा घेऊन आली. चोथा टाकला की वास मरतो, हे मीच तिला शिकवलं होतं. आम्ही दोघींनी गुडघ्यांवर बसून सगळं पुसलं. चोथा, चिंध्या आणि घाण पाणी यांनी बादली काठोकाठ भरली. एकटीने उचलण्यासारखी नव्हती. मी कडीला एका बाजूने धरलं, अरुणीने दुसऱ्या.

स्वयंपाकघराकडे जायला कमोनने विमानाच्या पलीकडच्या अंगाला एक दार कापून घेतलं होतं. तो त्या दाराकडे बोट दाखवत म्हणाला, “मागनं जा मावशी, मागनं. बाहेर पाहुणे आहेत, फोटो चाललेत.”

“हिची आई मागनंच गेली होती,” मी म्हटलं.

आम्ही पुढच्या दाराने बाहेर पडलो. ऊन रणरणत होतं. एकेक पायरी उतरत, बादली दोघींच्या मध्ये धरून, लाल गालिच्यावरून आम्ही चाललो. पाहुणे दोन्ही बाजूंना फाकले. कुणी नाकाला हात लावला, कुणी रुमाल. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. कमोन मागून काहीतरी म्हणत होता, पण सगळ्यांसमोर आवाज चढवायची त्याची हिंमत नव्हती. आम्ही घाई केली नाही. बादली जराही हिंदकळली नाही.

गटाराशी ती ओतली. नळाखाली घासून घासून धुतली. मग अरुणी तशीच नळ सोडून उभी राहिली आणि बादली स्वच्छ पाण्याने भरू दिली. ती काय करते आहे ते मला कळलं.

आम्ही बादली विमानाच्या डाव्या पंखाखाली आणली. पितळी झारी कमोनकडे होती, आमच्याकडे बादली होती. मी ती दोन्ही हातांनी कलती केली आणि बारीक धार सोडली. अरुणीने माझ्या कोपराला हात लावला, उदक सोडणाऱ्याला घरचं माणूस लावतं तसा.

“आई,” ती म्हणाली. मग मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “बुनमा. हे घे आणि जा आता.”

पाणी सिमेंटवरून पसरत गालिच्याच्या कडेपर्यंत गेलं. लोक उभेच होते, कुणी पुढे आलं नाही. मी मान वर करून पाहिलं. इंजिनाचा पंखा अगदी स्थिर होता. त्याची तिन्ही पाती स्वच्छ दिसत होती.