मधली चाल

क्लॅरनेट

सोमलाचा क्लॅरनेट वर चढला, गिरकी घेऊन खाली उतरायला लागला, आणि खाली कुणीच नव्हतं.

वऱ्हाडातल्या मालेगावच्या बाजाररस्त्यात वरात थांबली. हेमसिंग मधोमध उभा. छोट्या बिगुलासारखा पितळी कॉर्नेट काखेत, तळहात तोंडावर. होळीपासून हलत असलेला वरचा दात आता त्याच्या जिभेवर होता. कॉर्नेटचं तोंड ज्यावर टेकतं, नेमका तो. तो थुंकला, कॉर्नेट पुन्हा ओठांना लावला.

फुस्स.

पुन्हा. फुस्स, आणि थोडं रक्त.

"वाजवा ना मामा," सोमला कुजबुजला. "मी कशाभोवती फिरू?"

ड्रम

देवलाचा ड्रम तेवढा चालू होता. ड्रमला चाल लागत नाही.

नवरदेवाचा बाप बबनराव घामाघूम होऊन पुढे आला. "मास्तर, काय करून राह्यले? आधीच तुमचं ते इंग्रजी कोणाले कयत नाई. चार जण वाजवून राह्यले का भांडून राह्यले?"

"दात पडला त्याईचा," देवला म्हणाला.

"पडला त पडला. सिनेमाचं गाणं वाजवाले दात कायले पाह्यजे?"

लोक हसले. आणि दात खरंच लागला नाही. सोमलानं एकट्यानं सिनेमाचं गाणं धरलं, मदनसिंगनं खालून मोठा भोंगा धरला, घोडी हलली, माणसं नाचली. हेमसिंग मुका कॉर्नेट घेऊन त्यांच्याबरोबर पावलं टाकत राहिला. त्याच्या नावाचा बँड त्याच्याशिवाय झकास चालला होता. ह्याहून वाईट काय असणार, असं त्याला वाटलं, आणि मग मोटार आठवली.

भोंगा

लढाईच्या दिवसांत हेमसिंग कामठीच्या छावणीत भांडी घासायला गेला आणि कॉर्नेट शिकून आला. शिकवणारे कायतान मास्तर गोव्याचे. जहाजावरच्या बँडात एका काळ्या अमेरिकन वादकाकडून त्यांनी जाझ घेतला होता, जुना, अगदी सुरुवातीचा. मुंबईच्या हॉटेलांत आता समोर सुरांचे कागद ठेवून वाजवतात, मास्तर म्हणायचे. आपल्या जाझला कागद नाही. कॉर्नेटनं मधली चाल सरळ सांगायची. क्लॅरनेटनं तिच्यावरून फिरायचं, भोंग्यानं खालून घसरायचं. सगळे एकदम बोलतात आणि कुणी कुणाला गप्प करत नाही.

मास्तर कामठीतच वारले. रिठदजवळच्या आपल्या बंजारा तांड्यावर परतून हेमसिंगनं बँड उभा केला, ज्याला त्याला त्याचं फिरणं शिकवलं. मधली चाल कुणालाच दिली नाही. कॉर्नेट एक, वाजवणारा एक. शिवाय चाल आपल्याजवळ आहे तोवर माणसं आपल्याजवळ आहेत, असा त्याचा हिशेब होता.

आज वरात संपली की सोमला मोटारीनं वाशीमला निघणार होता. तिथल्या नव्या बँडात. लाल कोट, सिनेमाची गाणी.

कॉर्नेट

मोटार लिंबाखाली उभी होती. ड्रायव्हर चहा पीत होता.

"बस खाली," हेमसिंगनं सोमलाला ओढलं. "चाल घेऊन जा."

"आता? येवढ्या वर्सात नाई देल्ली. मी मांगतली त म्हणे, तुले काय कराची, तू फिर."

"चुकलो. ऐक."

तो गायला लागला. ही चाल त्यानं कधी गायलीच नव्हती. पहिल्या वळणाशी ती घसरली आणि तांड्यावरच्या पोरी सासरी जाताना गळ्यात पडून जे रडगाणं गातात, त्यात शिरली. तो थांबला. पुन्हा सुरू केली. पुन्हा त्याच रडण्यात.

"मामा, हे त नानीमावशीच्या लग्नातलं हाय."

चाल गळ्यात नव्हतीच. हेमसिंगनं कॉर्नेट उचलला आणि न फुंकता कळा दाबायला लागला. बोटं बिनचूक धावली. पण कॉर्नेटला कळा तीनच. एकेका दाबात कितीतरी सूर दडलेले. कोणता निघायचा ते ओठ ठरवतात. अर्धी चाल बोटांत होती. अर्धी दाताबरोबर रस्त्यात, घोडीच्या टापांखाली.

"हा?" सोमलानं क्लॅरनेटवर सूर काढला.

हेमसिंगनं मान हलवली. नाही.

"मंग हा?"

हो.

पुढचा दाब. "हा, का हा?"

हेमसिंगनं डोळे मिटले. कायतान मास्तरांचे फुगलेले गाल दिसले, ओठ दिसले. ऐकू काही आलं नाही.

ड्रायव्हरनं हॉर्न दाबला. "ओ बाजावाले! येता का ठेवू इथंच?"

"मामा, लवकर सांगा. हा, का हा?"

दोन्ही नव्हते. एवढं मात्र त्याला पक्कं कळत होतं.

"दुसरा," हेमसिंग म्हणाला.

सोमलानं तो सूर पुन्हा वाजवला, पक्का करायला. मग पुढचा दाब, पुढचा सूर. हेमसिंग प्रत्येकाला हो म्हणत गेला. ड्रमवर टेकून बसलेल्या मदनसिंगनं सवयीनं खालून भोंगा लावला, आणि ते खोटे सूर त्याच्यावर असे बसले, जसे जन्मभर तिथंच होते.

"हेच ना मामा?" मोटारीच्या पायरीवरून सोमला ओरडला. "मास्तरांची हेच ना?"

हेमसिंगनं तोंडावर हात धरून मान डोलावली.

मोटार धुराळा उडवत वाशीमच्या वाटेला लागली. खिडकीतून क्लॅरनेट ऐकू येत राहिला, मधली चाल सरळ सांगत. भोवती फिरायला कुणी नव्हतं.

ती ऐकू येईनाशी झाली, तेव्हा हेमसिंगनं खरी चाल आठवून पाहिली.

जी आली ती सोमलाची होती.